बाथरूमचं बजेट: भिंतीआड काय जातं ते आधी बघा

बाथरूम नवं करायचं ठरलं की आपण आधी टाइल्सच्या दुकानात जातो आणि प्लंबरला नंतर बोलावतो. बजेट बिघडायला सुरुवात होते ती इथूनच.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे, भारी टाइल्स लावल्या की गळती थांबते. पाणी टाइलमधून झिरपत नाही. ते उतरतं सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या कडेनं. त्याला अडवतं ते टाइलखालचं वॉटरप्रूफिंग. ते झालं की ट्रॅप बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, खालच्यांचं छत कोरडं आहे ना ते बघा, मगच टाइल बसवू द्या. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या. तोडफोड नको म्हणून जुन्या टाइलवर नवी चिकटवली, तर खालची गळती तशीच राहते.

‘भिंतीलाही व्हिट्रिफाइडच हवी’ हाही असाच एक आग्रह. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटवर ती नीट धरत नाही. अ‍ॅढेसिव्हचा खर्च वाढतो. भिंतीवर कोणी चालत नाही. तिथे साधी सिरॅमिक पुरते. जमिनीला मात्र मॅट दिसते म्हणून टाइल घसरत नाही असं समजू नका. घसरणीचं रेटिंग विचारा, आर-१० किंवा त्यावरचं घ्या. शिवाय छोट्या बाथरूमला मोठ्या फरशा शोभतात हे दुकानात खरं वाटतं; पण चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार द्यायचा तर दोन बाय दोनची टाइल कापत बसावं लागतं. एक बाय एक उतार सहज घेते. बॉक्सवरचा बॅच नंबर एकच असू द्या आणि दहा टक्के माल जास्त घ्या. नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

आता शॉवर. मोठा रेन शॉवर म्हणजे मोठी धार, असं जाहिरातीत दिसतं. दहा मीटर उंचीवरून उतरणारं पाणी सुमारे एक बार दाब देतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर गच्चीवरची टाकी तीन-चार मीटरच असते, म्हणजे दाब जेमतेम तीन दशांश बार. पंप नसेल तर तिथे तो महागडा शॉवर नुसता ठिबकतो. लहान तोंडाचा बरा.

कमोड निवडण्याआधी जुन्या पाइपचं तोंड भिंतीपासून किती अंतरावर आहे ते मोजा. न मोजता आणलेला कमोड एकतर परत जातो, नाहीतर फरशी फोडायला लावतो.

नळ, शॉवर, आरसा पुढे पान्यानं बदलता येतात. ते आत्ता साधे घ्या. भिंतीत बसणारा, पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर, पाइप आणि वॉटरप्रूफिंग यांत मात्र एक रुपयाही कापू नका.