गिलावा का सुटतो?

माण तालुक्यातील एखाद्या जुन्या दगडी घराची भिंत बोटाने वाजवून पाहा. कुठे आवाज भरीव येतो, कुठे पोकळ. पोकळ आवाज येतो तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. गंमत अशी, की दगडही शाबूत आणि गिलावाही शाबूत; तुटतो तो दोघांमधला सांधा!

असे का व्हावे? उन्हाने दोन्ही पदार्थ प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. त्यामुळे सांध्यावर ताण येतो व तो कडेला आणि भेगेच्या टोकाशी एकवटतो. भेग वाढण्यास लागणारी ऊर्जा या ताणातून मिळाली, की सांधा उकलत जातो. ऊर्जेचा हा हिशेब ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये मांडला.

गिलावा पुन्हा करता येतो. धरणाचे तसे नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यातील कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात, भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले व नंतर ते बळकट करण्यात आले. धरणात काँक्रीटच्या थराथरांत आणि काँक्रीट व खडक यांच्यात सांधे असतात. ते किती भार सोसतील, हे आधी कळायला हवे. पण त्यासाठी धरणे मोडून पाहता येत नाहीत!

संगणकाला पुष्कळ उदाहरणे दाखवली, तर तो त्यांवरून अंदाज करायला शिकतो. उदाहरणे थोडी असली, की मात्र तो भलतेच उत्तर देतो. दगड गिलाव्याला ५ एकक बलाने ओढतो आणि गिलावा दगडाला ३, असेही तो सांगेल! न्यूटनचा तिसरा नियम शिकलेला विद्यार्थी हे उत्तर लगेच खोडील. मग तोच नियम संगणकालाही का शिकवू नये?

राइसी, पर्डिकारिस व कार्नियाडाकिस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अशीच आहे. तीत संगणकाच्या चुका दोन प्रकारे मोजतात: उत्तर मोजमापाशी किती जुळत नाही आणि निसर्गनियम किती मोडते. दोन्ही चुका कमी होईपर्यंत संगणक उत्तर सुधारत राहतो. सांध्याच्या दोन बाजूंसाठी दोन वेगळी जाळी घेऊन ती नियमाने जोडताही येतात.

मात्र नियमच चुकीचा निवडला, तर उत्तरही चुकणार. म्हणून प्रत्यक्ष मोजमाप सुटत नाही. तुम्हीही पोकळ भागाभोवती खडूने रेघ आखा, तारीख लिहा आणि महिन्याने पुन्हा वाजवून पाहा. भेग कोणत्या बाजूला सरकली?