ओरखडा आणि काटकसर

आमच्या चिरंजीवांना मोटारसायकलवरून डोंगरवाटा तुडवण्याचा भारी नाद. गेल्या वर्षी मावळातल्या एका निसरड्या उतारावर स्वारी आडवी झाली. गुडघ्यांवरच्या ढाली, हातमोजे आणि उंच बूट यांनी आपापले काम चोख केले. हेल्मेटवर मात्र ओरखडा उठला.

“एवढ्यासाठी नवे कशाला?” मी म्हणालो. आमच्या घरी छत्रीसुद्धा तीनदा दुरुस्त होते!

“बाबा, प्रश्न ओरखड्याचा नाही, आतल्या थराचा आहे.”

हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलचा थर असतो. डोके आपटले की तो चेपतो आणि मार स्वतः सोसतो. पण चेपलेला थर पूर्ववत होत नाही. वरून तर काहीच दिसत नाही!

मी निमूटपणे दुकानात गेलो. आधी आयएसआयची खूण पाहिली. जून २०२१ पासून तिच्यावाचून दुचाकीचे हेल्मेट विकायला बंदी आहे. मग चिरंजीवांना घालायला लावून, पट्टा बांधून हलवले. हेल्मेटबरोबर गालही हलले, म्हणजे माप बरोबर.

घरी सौ.चे फर्मान निघाले: हेल्मेट पेट्रोलने पुसायचे नाही, थर खराब होतो, साबणाचे कोमट पाणी वापरायचे. बुटांचा चिखल धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून ते सावलीत वाळवायचे.

जुन्या हेल्मेटचा पट्टा मीच कापला, चुकून कुणी डोक्यावर चढवू नये म्हणून. छत्र्या मात्र अजून दुरुस्तच करतो!