स्मृतिभ्रंश, मोबाईल आणि दोन तासांची झोप



कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही कामगार तीन प्रश्न विचारतो. हे कोणाचे कष्ट हलके करील? कोणाच्या हातचे काम काढून घेईल? आणि त्याची कळ कोणाच्या हाती राहील? मनाच्या आजारात, विशेषतः म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशात, मोबाईलचा उपयोग किती, हा आजचा विषय. त्यालाही मी हेच प्रश्न लावणार आहे.

आपल्या रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. तरीही त्याच्या फाटकातून आत जाताना माणूस कचरतो. ओळखीचे कोणी पाहील, अशी भीती असते. शिवाय मंडणगड किंवा राजापूरच्या वाडीतून रुग्णाला घेऊन येणे म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. लाज आणि अंतर या दोन भिंती आहेत. टेलिफोन त्या दोन्ही काही अंशी ओलांडतो.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज दिसली तर तज्ज्ञाशी गाठ घालून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाचा मार्ग दाखवतो. रुग्णाला सांभाळणारी सून वा मुलगाही तेथे आपले गाऱ्हाणे मांडू शकतात.

आता स्मृतिभ्रंशाकडे वळू. कोयती कोठे ठेवली ते न आठवणे हा विसरभोळेपणा झाला. कोयती हातात असून तिचे काय करायचे ते न उमगणे, ही आजाराची खूण असू शकते. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, हा विकार आहे. तो पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खोल उदासीनता यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून निदान फोनवर करू नये. त्यासाठी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

या विकारात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या पुष्कळ काळ टिकतात. आमचे एक जुने सोबती १९८२ च्या संपानंतर मुंबईची गिरणी सोडून गावी परतले. आता ते पहाटे उठून पहिल्या पाळीला निघतात. बायको अडवू लागली की चिडतात. मुंबईच्या मुलाने घरात कॅमेरा बसवला. मी भेटायला गेलो, तेव्हा म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, मला तो डोळा नको. मला दोन तास झोप हवी."

त्यानंतर आम्ही बसून विचार केला. औषधाच्या वेळी फोनमधून मुलाचाच आवाज येईल, अशी सोय केली. रोज ठरल्या वेळी समोरासमोर दिसणारा फोन सुरू झाला. त्यांच्या तरुणपणची भजने फोनमध्ये भरली. पहाटे ती लावली की ते टाळ्या वाजवीत बसतात. पाळीची आठवण झालीच, तर "आज सुटी आहे" एवढे सांगून चहा पुढे करावा. वाद घालू नये. सदऱ्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. आणि रोज दुपारी दोन तास शेजारचा एक पोऱ्या त्यांच्यापाशी बसू लागला. या साऱ्यात म्हातारीला झोप मिळाली ती त्या पोऱ्यामुळे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

आता कळ कोणाच्या हाती, हा प्रश्न. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. मग आजोबांच्या गोंधळाचे चित्रीकरण नातेवाइकांच्या गटात पाठवून हसावे, हे आपल्याला शोभते काय? कॅमेरा लावायचा, तर आजार हलका असतानाच त्यांना विचारावे. बँकेचा व्यवहार ज्या फोनवर चालतो, तो फोन विसरणाऱ्या माणसाच्या हाती एकटा सोडू नये. ठकवणारे अशाच घरांच्या शोधात असतात.

आणखी एक हिशेब राहिला. घरोघर जाऊन विचारपूस करणाऱ्या आशाताईच्या हाती मोबाईल आला, तशी नोंदींची कामेही आली. तिला मिळते ते मात्र मानधन, पगार नव्हे. घरी रुग्णाला सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाची तर कोठे नोंदच नाही. यंत्राची किंमत मोजणाऱ्या समाजाने या श्रमांचीही किंमत मोजावी, ही माझी मागणी आहे.

घरी गेल्यावर १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. आणि आपल्या आळीत असे एखादे घर असेल, तर या आठवड्यात एक दुपार तेथे जाऊन बसा. त्या घरच्या बाईला सांगा, "तुम्ही जरा पडा. मी आहे इथे."