स्वतःचंच घर मोडणारा प्रोग्राम

लिनक्स सुरू होताना पडद्यावरून ओळी सरसर वर जातात. त्या चार सेकंदांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा दोन परिच्छेदांत उरकेल असं वाटलं होतं. मग बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातल्या ‘स्विच-रूट’ या प्रोग्रामचा कोड उघडला आणि तिथंच अडकलो.

आधी त्रांगडं सांगतो. सगळ्या फाइलींचं मूळ, म्हणजे रूट, डिस्कवर. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि तो बरेचदा त्याच डिस्कवर. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखं. पूर्वी रूट कुठे आहे हे थेट कर्नलच्या फाइलमध्येच कोरून ठेवत. पुढे इनिटआरडी ही मेमरीतली तात्पुरती डिस्क आली, आणि 2.6 मालिकेपासून इनिट्रॅमएफएस: सीपीआयओ पद्धतीनं बांधलेलं गाठोडं. बूटलोडर ते मेमरीत आणून ठेवतो, कर्नल मेमरीतल्याच ‘रूटएफएस’वर सोडतो आणि त्यातला ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम चालवतो. ड्रायव्हर भरायचे, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तर पासवर्ड विचारायचा, खरी डिस्क माउंट करायची. झालं काम.

पण हे मेमरीतलं घर अनमाउंट करता येत नाही. माउंटची यादी कधी रिकामीच होऊ द्यायची नाही, अशी कर्नलची सोय आहे. रिकाम्या यादीसाठी वेगळा कोड लिहीत बसण्यापेक्षा ते सोपं. मग अडकलेली मेमरी सोडवायची कशी? स्विच-रूट सरळ सगळं पुसतो, स्वतःची फाइलसुद्धा! नाव पुसलं तरी प्रोग्राम चालू असेपर्यंत त्याचा मजकूर जात नाही, तेवढ्या आधारावर तो नवी डिस्क मूळ जागी सरकवतो आणि आपल्या जागी खऱ्या इनिटला बसवतो.

पुसण्याआधी तो जे चाचपून पाहतो, ते मला फार आवडलं. आपला प्रोसेस क्रमांक 1 आहे ना? पायाखाली खरंच मेमरीतली फाइलसिस्टिम आहे ना? पुसतानाही, दुसरी फाइलसिस्टिम लागली की तिला हात लावायचा नाही. एवढं पाहिलं नाही तर कुणाची तरी आख्खी डिस्क साफ.

माझी अडचण मात्र याच्या अलीकडेच झाली. बंद पडलेल्या लॅपटॉपची डिस्क यूएसबी डबीत घालून दुसऱ्या मशीनला लावली. बूटलोडर आला, कर्नल आला, आणि मग संदेश: अमुक यूयूआयडीची, म्हणजे ओळखक्रमांकाची, डिस्क नाही. खाली कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ आणि लुकलुकणारा कर्सर. बूटलोडरनं फर्मवेअरच्या मदतीनं वाचलेली डिस्क कर्नलला दिसेना! जागा वाचवायला मीच कधीतरी डेबियनच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट’चं ‘डेप’ केलं होतं. गाठोड्यात फक्त जुन्या मशीनपुरते ड्रायव्हर, यूएसबीचा नाहीच. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून, सेटिंग फिरवून, गाठोडं पुन्हा बांधेपर्यंत रात्रीचे दीड वाजले.

झोपण्याआधी माउंटची यादी उघडली. रूटच्या ओळीत ‘आपल्या खालचा माउंट: 1’ अशी नोंद होती. 1 क्रमांकाची ओळ यादीत कुठेच नव्हती.