डोंगरावरची देवराई

नाशिक नगरीचे वृक्षांशी असलेले नाते तिच्या नावांतही दिसते. पाच वडांच्या समूहावरून पंचवटी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. मोगलांच्या अमदानीत तर या नगरास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे नगर, असे म्हणत. याच नगराच्या पश्चिम अंगास सातपूरजवळ एक डोंगर आहे. त्याचे नाव ऐकताच मात्र अंगावर काटा उभा राहतो. ते नाव आहे फाशीचा डोंगर!

५ जून २०१५ रोजी या डोंगरावर हजारो नाशिककर जमले. ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या पुढाकाराने त्यांनी तेथे हजारो रोपे लावली. त्या रोपांचे वैशिष्ट्य असे, की ती सारी याच भूमीतील होती. पूर्वी गावोगावी देवाच्या नावाने रान राखले जाई. तेथील फांदीसही कुऱ्हाड लागत नसे. त्या रानास देवराई म्हणतात. नाशिककरांनी आपल्या या नव्या रानास तेच नाव दिले.

डोंगर हिरवाच करायचा, तर कोणतेही झाड का चालू नये? महाराष्ट्रातील कितीतरी टेकड्यांवर गिरिपुष्प नावाचे झाड दिसते. ते मूळचे मध्य अमेरिकेतील. नुसती फांदी रोवली तरी ते जीव धरते, झपाट्याने वाढते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या पाल्याचे खतही चांगले होते. परंतु त्याच्या बियांत व सालीत विष असते; म्हणूनच लोक त्याला ‘उंदीरमारी’ असेही म्हणतात. आपल्याकडील फारच थोडे कीटक त्याच्या पानांवर जगतात. अशा झाडीत शिरले, की सावली मिळते, पण पाखरांची किलबिल फारशी कानी पडत नाही.

याचे कारण समजण्यासाठी सुरवंटाकडे पाहावे. तो मिळेल ते पान खात नाही. रुईच्या चिकात विष असते. तरी त्याच पानांवर एका नारिंगी फुलपाखराचे सुरवंट पोसतात. लिंबाळे फुलपाखरू लिंबू, कढीपत्ता यांसारख्या झाडांवर अंडी घालते. झाड आणि कीटक यांचा हा शेजार हजारो वर्षांचा असतो. परक्या देशातून आलेले झाड आपले शेजारी मागेच ठेवून येते. आणि सुरवंट नसतील, तर पाखरांनी पिलांच्या चोचीत काय भरवावे? धान्य खाणारी चिमणीदेखील आपल्या पिलांना अळ्याच भरविते.

फुलण्याच्या वेळेचेही असेच आहे. फाल्गुनात रान वाळून गेलेले असते. नेमके तेव्हाच पळस, पांगारा आणि काटेसावर पाने झाडून टाकून फुलतात. त्यांचा मध प्यायला मैना, कावळे, बुलबुल यांची झुंबड उडते. हिवाळ्यात आलेल्या भोरड्याही मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी तेथेच आपली भूक भागवितात.

परदेशी झाड म्हणजे वैरीच, असे मात्र समजू नये. मिरची, बटाटा, पेरू ही सारी अमेरिकेतून आली, आणि ज्या द्राक्षांसाठी नाशिक प्रसिद्ध आहे त्यांचेही मूळ पश्चिमेकडे, भारताबाहेर आहे. मळ्यात किंवा परसात त्यांना खुशाल जागा द्यावी. रान उभे करावयाचे असेल, तर मात्र रानाचेच कायदे पाळावे लागतात.

ते कायदे शिकण्यास थोडी चिकाटी लागते. बहाव्याचे बी तसेच पेरले, तर ते पुष्कळदा महिनोन् महिने रुजत नाही. त्याचे कवच फार कठीण असते. रानात बहाव्याच्या शेंगांतील गर कोल्हे व माकडे खातात. त्यांच्या पोटातून गेल्यावर ते कवच मऊ पडते. रोपवाटिकेत हेच काम गरम पाण्याने करून घेतात. जागाही पारखावी लागते. अर्जुन, करंज व उंबर ओढ्याकाठी सुखाने वाढतात. खैर व पळस कोरड्या उतारावर तग धरतात. रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे. त्यानंतरचे दोन-तीन उन्हाळे मात्र त्याला पाणी घालावे लागते. शिवाय वाळल्या गवतात एक ठिणगी पडली, तरी वर्षांची मेहनत तासाभरात खाक होते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी ठरावीक पट्ट्यांतील गवत काढून किंवा जाळून जाळरेषा आखतात.

कोठे झाड लावू नये, हे कळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना वाटेत अंजनेरीचा उंच गड लागतो. तेथे खर्चुडीची एक जात उगवते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली, तेव्हा त्या गडावरूनच तिला नाव दिले. खर्चुडीचे फूल इवल्याशा कंदिलासारखे असते. त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत शिरलेली चिमुकली माशी अडकून पडते. पुढे केस कोमेजतात आणि माशी अंगावर पराग घेऊन सुटते. ही नाजूक वनस्पती उघड्या, गवताळ माळावर ऊन खाऊन जगते. तिच्या शेजारी कोणी मोठ्या हौसेने वडाचे रोप लावले, तर त्याची सावली पडताच ती तेथून नाहीशी होईल.