प्रणालीबदल आणि संहिता : मराठी अक्षरजुळणी व्यवसायाचा संकोच

व्यवसायसंस्था संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेळेवर का बदलत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा खर्च आणि सवय या दोन कारणांत शोधले जाते. मराठी अक्षरजुळणीच्या व्यवसायात मात्र या संकोचाचे एक मूळ संहितेच्या साठवणीत आहे. म्हणून साहित्याभ्यासकांनीही त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी पुस्तकांची जुळणी पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांच्या साहाय्याने होऊ लागली. या फॉन्टांत काना, वेलांटी, रफार, अर्धे व्यंजन असे अक्षरांचे दृश्य अवयव साठवले जात आणि प्रत्येक निर्मात्याची संकेतयोजना निराळी असे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला होता. तथापि, पेजमेकरची २००१ मधील अखेरची प्रमुख आवृत्तीही युनिकोड देवनागरी हाताळू शकत नव्हती.

परिणामी प्रणाली बदलताना जुना प्रोग्रॅम, छपाईयंत्राचा ड्रायव्हर आणि फॉन्टचे हार्डवेअर लॉक हे सारेच एकदम अडण्याचा संभव असतो. मजकूर युनिकोडमध्ये नेणे हा मार्ग उपलब्ध आहे. परंतु तो यांत्रिक नाही. ‘धर्म’ या शब्दातील रफार जुन्या फॉन्टात ‘म’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘म’च्या आधी येतो. ऱ्हस्व वेलांटीचा क्रम याच्या नेमका उलट. रूपांतराचा एखादा नियम चुकला की तीच चूक ग्रंथभर पसरते आणि संपूर्ण मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. मोजक्या प्रतींच्या पुनर्मुद्रणातून हा खर्च भरून निघणे कठीण असते.

संकोचालाही किंमत आहेच. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर काम चालू ठेवता येते, पण ते यंत्र बंद पडले आणि फॉन्टही हाती नसला, तर फाइल शाबूत असूनही निरर्थक रोमन चिन्हेच दिसतात. छापील प्रत उरते. शोधक्षम संहिता उरत नाही.

हस्तलिखिताची नवी नक्कल करताना जसे पाठभेद शिरतात, तसेच ते रूपांतरातही शिरतात. म्हणून डिजिटल मराठी संहितेवर तौलनिक निष्कर्ष उभारण्यापूर्वी ती कोणत्या फॉन्टातून आली आणि रूपांतरानंतर मूळ मुद्रिताशी ताडून पाहिली गेली काय, याची नोंद घेणे पाठचिकित्सेचाच भाग मानावे लागेल.