गणरायाच्या वाहनाची प्रकृती

भाद्रपद चतुर्थीला ज्या मूषकाला आपण मखरात मानाची जागा देतो, त्याच्याच भाऊबंदांसाठी रात्री स्वयंपाकघरात सापळाही लावतो. उंदराशी आपले हे दुहेरी नाते फार जुने आहे. अलीकडे त्यात तिसऱ्या नात्याची भर पडली आहे, ती म्हणजे हौसेने उंदीर पाळण्याची. पक्षी आणि मासे विकणाऱ्या दुकानांतून पांढरे उंदीर मिळतात, मुले हट्ट धरतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळावरील आठ्यांना न जुमानता पिंजरा घरात येतो.

आमच्या वसाहतीतील एका मराठी कुटुंबात असाच एक पांढरा उंदीर आला. सहावीतल्या मुलाने त्याचे नाव मोत्या ठेवले. एका रात्री मुलाच्या वडिलांचा दूरध्वनी आला. "डॉक्टरसाहेब, जरा येऊन जाता का? मोत्याच्या डोळ्यांतून रक्त येतंय. आई म्हणतेय, आत्ताच्या आत्ता बाहेर नेऊन टाका." मी माणसांचा डॉक्टर, पण शेजारधर्म म्हणून गेलो. मूल पिंजऱ्याजवळ रडवेले होऊन बसले होते आणि आजी दूर, दारापाशी उभ्या होत्या. त्यांच्या भीतीला हसण्याचा अधिकार मला नव्हता. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग उद्भवला, लाखो माणसे शहर सोडून निघाली, ते दिवस गुजरातेत राहणाऱ्या आपल्या पिढीने पाहिलेले आहेत. उंदीर आणि रक्त हे दोन शब्द एकत्र आले की त्या पिढीच्या मनात दुसरा विचार येत नाही.

मी कापसाच्या बोळ्याने तो लाल स्राव टिपून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ मित्राच्या दवाखान्यात वुड्स लॅम्पखाली धरला. बोळा गुलाबी रंगाने चमकू लागला. ते रक्त नव्हतेच. त्या बोळ्यापासून माझा जो अभ्यास सुरू झाला, त्याचा गोषवारा येथे मांडीत आहे.

दोन प्राणी, एक नाव

मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो. परंतु पाळण्याच्या दृष्टीने रॅट आणि माऊस हे दोन भिन्न प्राणी आहेत. पूर्ण वाढलेला रॅट पाव ते अर्धा किलो भरतो, माऊस जेमतेम २० ते ४० ग्रॅम. रॅटचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे, माऊसचे दीड ते दोन वर्षांचे. माऊसचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके सहज देते.

ही हौस पाश्चात्त्यांचीच असेही नाही. जपानात १७८७ साली रंगीबेरंगी उंदरांच्या पैदाशीवर पुस्तक प्रसिद्ध झाले होते. इंग्लंडात उंदीरशौकिनांचा क्लब १८९५ साली स्थापन झाला आणि १९०१ साली प्रदर्शनात रॅटही मांडले जाऊ लागले. पुढे फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटने पांढऱ्या रॅटचा वंश प्रयोगशाळेसाठी सिद्ध केला. महाविद्यालयीन दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी हाताळलेला रॅट तो हाच.

रॅट हा कळपात राहणारा प्राणी आहे. त्याला एकटे ठेवणे ही शिक्षाच होय. दोन माद्या किंवा दोन नर एकत्र ठेवावेत. माऊसच्या प्रौढ नरांत मात्र रक्तबंबाळ होईपर्यंत मारामाऱ्या होतात, म्हणून माद्याच पाळणे बरे. नर-मादी एकत्र ठेवण्याची चूक करू नये. गर्भकाल अवघा तीन आठवड्यांचा, आणि प्रसूतीनंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गर्भधारणेस सिद्ध होते. गणित वाचकांनीच करावे.

लाल अश्रूंचा अर्थ

उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. तिच्या स्रावात पॉर्फिरिन हे लाल रंगद्रव्य असते. वुड्स लॅम्पखाली चमकते ते हेच. निरोगी रॅट दिवसातून अनेकदा पंजांनी तोंड पुसतो, त्यामुळे हा स्राव दिसत नाही. रॅट आजारी असला, घाबरलेला असला किंवा वेदनेत असला की स्राव वाढतो आणि स्वतःला स्वच्छ करणे थांबते. मग डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांवर लाल डाग दिसू लागतात. म्हणजे लाल अश्रू हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. आपल्या रुग्णाचा ताप जसा, तसे.

मोत्याच्या बाबतीत पशुवैद्यकांनी खरे कारण शोधले ते कानाने. त्यांनी त्याला उचलून कानाशी धरले. बारीक घरघर ऐकू आली.

सारा खेळ श्वासाचा

रॅट नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदले तर तोंडाने श्वास घेण्याची सोय त्याला जवळजवळ नाही. त्यातच मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक पाळीव रॅटच्या श्वसनमार्गात जन्मापासून दबा धरून असतो. आईकडून पिलाकडे येणारा हा वारसा सहसा शांत राहतो. त्याला जागे करतो तो अमोनिया. मूत्रातील युरियाचे जंतूंकडून विघटन होते आणि ओल्या भुशातून वायू निघू लागतो. आपल्याला पिंजऱ्याजवळ वास येतो तेव्हा जमिनीलगत चोवीस तास राहणाऱ्या जिवाची श्वासनलिका केव्हाचीच होरपळलेली असते.

मोत्याचे घर म्हणजे मासे ठेवण्याची जुनी काचेची टाकी होती. हवा खेळत नव्हती, अमोनिया तळाशी कोंडत होता. खाली अंथरला होता सुताराकडचा भुसा. त्यात लाकडाची बारीक धूळ, प्लायवूडचा गोंद आणि पॉलिश सगळेच आले. देवदार किंवा पाइनचा सुवासिक भुसा तर आणखी वाईट. त्यातील तेले श्वसनमार्गाला झोंबतात आणि यकृतातील विकरांचे कार्यही बदलतात.

उपाय साधे आहेत. पिंजरा तारांचा, पण तळ सपाट आणि भरीव असावा. जाळीच्या तळामुळे पायांना जखमा होतात. अंथरूण म्हणून छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या वापराव्यात. ओला भाग रोज काढावा, पूर्ण पिंजरा आठवड्यातून एकदा धुवावा आणि जुन्या अंथरुणाचा कोरडा मूठभर भाग परत ठेवावा, म्हणजे स्वतःच्या गंधाची ओळख राहिल्याने प्राणी बिथरत नाही. पिंजऱ्याच्या खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल आणि धूम्रपान पूर्णतः वर्ज्य असावे.

शिंका, घरघर, पोटाने श्वास ओढणे, विस्कटलेले केस, एका बाजूस कललेली मान, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिनने आजार आटोक्यात येतो, परंतु जंतू समूळ नष्ट होत नाही. म्हणून येथे औषधापेक्षा हवा मोठी.

आहार, दात आणि गाठी

दुकानदार बाजरी, शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी देतो. उंदीर त्यातले तेलकट तेवढे वेचून खातो, लठ्ठ होतो आणि बाकीचे टाकून देतो. प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी मिळणाऱ्या संतुलित गोळ्या हा मुख्य आहार असावा. जोडीला धुतलेली भाजी, काकडी, गाजर, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कच्चा राजमा देऊ नये. संत्र्यामोसंबीच्या सालीतील लिमोनीन नर रॅटच्या मूत्रपिंडाला अपायकारक ठरते. हा दोष त्याच्यातील एका विशिष्ट प्रथिनामुळे आहे आणि माणसाला लागू नाही. पाण्याची नळीची बाटली रोज बदलावी आणि नळीचे टोक बोटाने दाबून पाहावे. ते अडकले तर भरलेल्या बाटलीखालीही प्राणी तहानेने मरतो.

पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कुरतडायला साध्या, रंग न दिलेल्या लाकडाचा तुकडा द्यावा. रॅटचे पिवळे-नारिंगी दात पाहून घाबरू नये. आवरणातील लोहामुळे तो रंग येतो, ते आरोग्याचेच लक्षण आहे.

वयस्क मादी रॅटच्या अंगावर गाठ येणे सामान्य आहे. तिच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणून काखेतील वा मानेजवळील गाठही स्तनाची असू शकते. रॅटमध्ये ती बहुधा फायब्रोअॅडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी असते आणि लवकर काढल्यास प्राणी बरा होतो. माऊसमध्ये मात्र ती बहुधा कर्करोगाचीच निघते.

वैशाखवणवा

आपल्याकडच्या उंदराचा खरा शत्रू उन्हाळा. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून शरीर थंड करणेही जमत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे साधन म्हणजे शेपटी. १८ ते २६ अंश सेल्सिअस त्याला मानवते. वडोदऱ्यातील मे महिना ४२ अंशांवर जातो. पिंजरा पश्चिमेच्या खिडकीत किंवा गॅलरीत ठेवणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. आत ओली फरशी ठेवावी, बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या प्राण्याला प्रखर प्रकाशाने दृष्टिपटलाची इजा होते, म्हणून अंधारी खोपी हवीच.

शेपटीला धरून उचलू नये. तिची त्वचा सोलून हातात येते. ओंजळीत घ्यावे. २०१० साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की शेपटीऐवजी ओंजळीने वा नळीतून उचललेले माऊस माणसाला कमी घाबरतात.

आपणा डॉक्टरांचा मोह

घरातील नमुन्याच्या बाटलीतून "दोन थेंब" देण्याचा मोह आपल्याला होतो. मलाही झाला होता. माणसाची मात्रा वजनाने भागून उंदराची मात्रा निघत नाही, कारण त्याचा चयापचय कितीतरी वेगवान असतो. प्रोकेनयुक्त पेनिसिलीन आपल्याला सवयीचे. माऊसला त्यातील प्रोकेन विषासारखे बाधते. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेली चूक बाहेर येत नाही. हे काम पशुवैद्यकांचे आहे, ते त्यांनाच करू द्यावे.

आपले काम वेगळे आहे. ते म्हणजे घरातील माणसांचे. चाव्यानंतर साधारणतः तीन ते दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि तळहात-तळपायांवर पुरळ आले, तर मूषकदंश-ज्वर मनात यायला हवा. चावा तोवर भरून आलेला असतो आणि मूल रागे भरतील म्हणून सांगत नाही. स्ट्रेप्टोबॅसिलस किंवा स्पायरिलम, कोणताही असो, पेनिसिलीनने रोग बरा होतो. ओळखलाच नाही तर हृदयाच्या झडपांपर्यंत जातो. सुश्रुताने कल्पस्थानात अठरा प्रकारचे मूषक आणि त्यांच्या विषाने येणाऱ्या गाठी, सूज, सांध्यांच्या वेदना व ज्वर वर्णिलेले आहेत. शोध जुना आहे, विसर आपला.

माऊसपासून येणारा एलसीएम विषाणू गर्भाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करतो, म्हणून गर्भवतीने पिंजरा साफ करू नये. उंदराच्या मूत्रातील प्रथिने दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरतात. २०१७ साली अमेरिकेत पाळीव रॅटकडून माणसांना सेऊल विषाणूची लागण झाली. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, तोंडाजवळ घेऊ नये, पिंजरा स्वयंपाकघरात धुवू नये. मुख्य म्हणजे गटारीतल्या उंदराचा पिंजऱ्याशी संबंध येऊ देऊ नये, कारण लेप्टोस्पायरा तेथूनच आत येतो. खाणे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असावे.

तापाच्या रुग्णाला आपण प्रवासाविषयी विचारतो, पाण्याविषयी विचारतो. "घरी काही पाळलंय का?" हा प्रश्नही त्यात घालावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने व्यवसायबंधूंना विनंती.

मोत्याची टाकी गेली, तारांचा पिंजरा आला, भुशाच्या जागी कागद आला, जोडीला एक सोबती आला. दोन आठवड्यांच्या औषधाने घरघर थांबली. त्यानंतर तो सव्वा वर्ष जगला; एकूण दोन वर्षांहून थोडे अधिक, म्हणजे रॅटच्या हिशेबाने बरे आयुष्य. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मूल शाळेत होते. पिंजऱ्यापासून हातभर अंतर राखून, पदर नाकाला लावून आजी पिंजऱ्यातील फरशीवर तांब्याने पाणी शिंपडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आवडत नाही हो मला तो. पण उन्हाचं त्याला कळतंय का सांगायला?"